म्हातारीला जागरण कळायचं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला अंधश्रद्धाळू म्हणायला नको. मी मेकॅनिक आहे. बसगाड्यांचा. 'गाडीत भूत आहे' म्हणणाऱ्या ड्रायव्हरला मी आयुष्यभर एकच उत्तर दिलंय — भूत नाही रे बाबा, फ्यूज आहे, बदल. गाडी बंद पडते ती डिझेलमुळे, हवेमुळे, करंटमुळे, नाहीतर तिच्यावर हात टाकणाऱ्या कुणा शहाण्यामुळे. यापलीकडे पाचवं कारण मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही... पण जे डोळ्यांनी बघितलं ते खोटं कसं म्हणू? तुमच्यात कुणी हुशार असेल तर सांगा, मी ऐकायला तयार आहे.

माझं नाव बावतीस, राहणार भुईगाव. थोडीशी केळीची वाडी, घरात आय, बायको आणि धाकटी मुलगी रिया. वसई गावातून भुईगावकडे येणाऱ्या रस्त्यावर एक बसचं यार्ड आहे, तिथे मी नोकरीला. यार्डच्या कुंपणाला लागून दगडी क्रूस, पलीकडे नारळाची वाडी. मालकाचं नाव घेत नाही, कारण ते अजून माझे शेठ आहेत आणि माणूस वाईट नाही. गाड्या भाड्याच्या — सकाळी शाळेची मुलं, मग पूर्वेकडच्या कारखान्यांचा स्टाफ, रविवारी राजोडीच्या बीचवर पिकनिकवाले, आणि हंगामात लग्नाची वऱ्हाडं. गाड्यांना कामाची कमी नव्हती. कमी होती ती ड्रायव्हरांची, आणि ती कमी कशी भरून काढायची ते आमच्या मॅनेजरला, नाईकसाहेबांना, चांगलंच ठाऊक होतं. जो रात्री स्टाफची गाडी घेऊन आला तोच सकाळी शाळेची घेऊन जाणार. मध्ये एक चहा. संपलं.

आमच्या यार्डची एक पद्धत सांगतो, ती पुढे लागणार आहे. उभ्या गाडीच्या पुढच्या चाकाखाली लाकडी ठोकळा असतो. सकाळी मी प्रत्येक गाडी चालू करतो, ब्रेकची हवा भरू देतो, चारी बाजूंनी फिरून बघतो आणि मग स्वतःच्या हाताने ठोकळा ओढतो. मी ठोकळा काढला म्हणजे गाडी फिट. तो दुसऱ्या कुणी काढायचा नाही, शेठनीसुद्धा नाही. हा नियम शेठचाच.

आणि सगळ्यात जुनी गाडी म्हणजे आमची म्हातारी. पत्रा ठिकठिकाणी जोडलेला, सीटा दोनदा बदललेल्या, पण इंजिन असं की पहिल्या फटक्यात सेल्फ घ्यायचं. शाळेच्या फेरीला तीच जायची. तिच्यावर ड्रायव्हर हरेश्वर. मिठागराच्या बाजूचा, माझ्याच वयाचा, तोंडाने फटकळ आणि हाताने सोन्यासारखा. रिया त्याच्याच गाडीने शाळेत जायची आणि घरी यायची ती घसा बसवून. गाडीत पोरं गाणी म्हणतात, असं सांगायची. मी बायकोला म्हणायचो, हिला चर्चच्या कॉयरमध्ये घाल, फुकट आवाज जातोय.

आता मूळ गोष्ट.

खंडेनवमीला आमच्याकडे जोरात पूजा असते. पाने, जॅक, हातोडे घासूनपुसून सतरंजीवर मांडायचे, हळदकुंकू, झेंडू. मी ख्रिस्ती असलो तरी माझ्या हत्यारांना हळदकुंकू मीच लावतो. ज्याच्यावर पोट चालतं त्याला नमस्कार करायला कुठल्या फादरची ना नाही. त्या दिवशी पूजा झाल्यावर शेठ दरवर्षीप्रमाणे म्हणाले, "आज हत्यारांना सुट्टी हं. कुणी पाना उचलायचा नाही."

हरेश्वर रात्रपाळी करून नुकताच आला होता आणि पूजा आटपली की त्याला पिकनिकची गाडी काढायची होती. डोळे लालभडक. तो हसत म्हणाला, "शेठ, मंग आमी पन त्या सतरंजीवर आडवं व्हऊ का? आमाला बी हलदकुंकू लावा."

सगळे हसले. शेठही हसले. हरेश्वर उठला, म्हातारीच्या पुढच्या काचेला हार घातला, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "म्हातारे, तूच बग आता आमच्याकडं. हितं दुसरा कोन बगनारा नाय."

गंमत होती ती. निदान मी तरी तेव्हा गंमतच समजलो.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा ते झालं. सकाळी मी म्हातारी चालू केली, हवा भरली, सगळं ओके. हरेश्वर रात्रीची स्टाफची फेरी आटपून आला आणि चढला. तो सीटवर बसला आणि इंजिनने एक आचका दिला... बंद. त्याने चावी फिरवली, तर सेल्फचा आवाजसुद्धा नाही. मी त्याला उतरवलं, स्वतः बसलो आणि चावी मारली. पहिल्या फटक्यात चालू! तो बसला, परत बंद. शेवटी रमाकांत नावाचा दुसरा ड्रायव्हर घरून ताजातवाना आला होता, त्याला बसवलं. गाडी गेली आणि दिवसभर सुतासारखी सरळ चालली.

"म्हातारी रुसली तुझ्यावर," मी हरेश्वरला चिडवलं. पण मनातून मला राग आला होता. माझ्या गाडीत माझ्या नकळत काही बिघडतं म्हणजे काय?

दुपारी तिला सोलून काढली. बॅटरी, टर्मिनल, सेल्फ, डिझेलची लाईन, चावीचा स्विच, सगळी वायरिंग. सीटखाली एखादी वायर दबत असेल म्हणून सीटसुद्धा उचकटली. काही नाही! दुसऱ्या दिवशी हरेश्वर घरी झोपून आला आणि म्हातारी त्याला गुपचूप चालू झाली.

असं मग वरचेवर व्हायला लागलं. कधी हरेश्वर, कधी रमाकांत. एकदा रमाकांत म्हणाला, "मी मस्त झोपलोय, माझं काही नाही," आणि म्हातारी ढिम्म हलेना. खोदून विचारलं तेव्हा कळलं, साहेब रात्रभर मेव्हण्याच्या हळदीत नाचत होते. मी पोट धरून हसलो खरा, पण संध्याकाळी घरी जाताना डोकं चालेना. जो झोपलाय त्याला गाडी चालू होते, ज्याला जागरण झालंय त्याला होत नाही. हे कुठल्या वायरिंगमध्ये बसतं? आता म्हणाल, थकलेला माणूस चावी नीट फिरवत नसेल. मीही हेच म्हणालो होतो. म्हणून एकदा रमाकांत रात्रपाळीवरून आलेला असताना त्याला सीटवर नुसता बसवला आणि चावी मी बाजूने हात घालून फिरवली. तरीही नाही.

यार्डात जो तो आपापलं औषध सांगू लागला. कुणी म्हणे भगत आणा, कुणी म्हणे फादरना बोलावून पवित्र पाणी शिंपडा. मी घरी आयला सांगितलं तर ती तांदूळ निवडताना मान वर न करता म्हणाली, "त्यात काय एवढं? घरातल्या म्हाताऱ्या बाईला कळतं, कोण झोपलंय आणि कोण नाही."

नाईकसाहेबांचं मत वेगळं. त्यांना वाटायचं, मीच कुठेतरी चोरून स्विच बसवलाय. "बावतीस ड्रायव्हर लोकांना मिळालाय," ते म्हणायचे. मी त्यांना म्हटलं, तुमचा माणूस आणा आणि शोधा. आणला त्यांनी बाहेरचा मेकॅनिक. तोही हात काळे करून गेला.

खरं सांगू? मला त्या काळात बरंच वाटत होतं. रियाची गाडी तीच होती. गाडीच जर राखण करत असेल तर आपल्याला कसली काळजी, असं वाटायचं.

नाताळ झाला की आमच्याकडे लग्नांचा हंगाम लागतो, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होईपर्यंत. एकेका शनिवार-रविवारी गाड्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. अशाच एका सोमवारी सकाळी हरेश्वर यार्डात आला. आला म्हणजे वऱ्हाडाची गाडी लावून तसाच माझ्याकडे आला. चालताना पाय टाकत होता एकीकडे आणि पडत होता दुसरीकडे. मी म्हातारी चालू करून ठेवली होती. तो बसला आणि ती बंद पडली. आता यात कुणाला नवल राहिलं नव्हतं.

रमाकांत आजारी. दुसरा ड्रायव्हर नाही. शाळेचे फोनवर फोन. नाईकसाहेब ऑफिसातून बाहेर आले आणि अगदी थंडपणे म्हणाले, "म्हातारीचे नखरे आहेत ना? ठीक आहे. हरेश्वर, नवी गाडी घे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात इतके दिवस आली नव्हती!

हरेश्वर नव्या गाडीत चढला. चावी फिरवली. गाडी लगेच चालू. नवी ती, तिला काय माहीत? यार्डपासून पुढे भुईगावपर्यंत मुलं घ्यायची आणि मग परत वसईकडे वळायचं. त्या रस्त्यावर बावखलाचं वळण आहे. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, पूर्वी वाड्या त्याच्यावरच शिंपायचे. रस्ता अरुंद, कडेला कठडा नाही आणि पाणी चांगलं खोल. आणि वळणाच्या अलीकडच्या स्टॉपवर माझी रिया दप्तर घेऊन उभी.

"बावतीस, ठोकळा काढ," नाईकसाहेब म्हणाले.

"नाही काढत."

"का? गाडी फिट नाही?"

"गाडी फिट आहे. ड्रायव्हर फिट नाही."

"ते बघायचं तुझं काम नाही."

"मग कुणाचं आहे तेवढं सांगा. त्याला बोलवा, तो काढेल ठोकळा."

आणि मी त्या चाकापुढे, ठोकळ्याला पाठ टेकून, खाली बसलो. भीती वाटली का? वाटली. वर थकलेला माणूस, इंजिन चालू, आणि चाक माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर. पण रागच इतका आला होता की भीतीला जागा कमी पडली.

हरेश्वरने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. तेवढ्यात शेठ आले. रोज सकाळी ऑफिसातल्या देवाला आपल्या वाडीतलं सोनचाफ्याचं फूल वाहायला ते येतात. हातात फुलं घेऊन ते उभे, खाली मी बसलेला, बाजूला नाईकसाहेब ओरडतायत. "काय चाललंय?" शेठनी विचारलं.

उत्तर हरेश्वरने दिलं. अगदी हळू आवाजात.

"शेठ, दिवालीच्या सुट्टीआदी म्हातारी घेऊन जाताना बावखलाच्या आंगाला आलो. मंग डोले उघडले तवा मी पुढं, क्रूसापाशी. वलन मी घेतलंच नाय. पोरं मागं गात व्हती. कोनी घेतलं वलन, मना नाय म्हाईत." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्यानंतर मी बसलो की ती चालू व्हत नाय, ते मना बरंच वाटतं."

हे बोलणं म्हणजे नोकरी स्वतःच्या हाताने देऊन टाकणं होतं, आणि त्याच्या घरी खाणारी तोंडं किती आहेत ते मला माहीत होतं. नाईकसाहेब लगेच म्हणाले, "ऐकलंत ना? गाडीवर झोपतो. आजच काढा याला."

मग मात्र माझा तोल गेला. "झोपतो नाही, तुम्ही झोपू देत नाही! इंजिनऑइल ठरल्या वेळी बदलता, टायर झिजला की काढता, खंडेनवमीला पान्यालासुद्धा सुट्टी देता... हा माणूस शनिवारपासून घरी गेलेला नाही. उद्या काही झालं तर पोलीस याला धरतील. पण याला त्या सीटवर बसवला कुणी?"

शेठनी हातातली फुलं म्हातारीच्या बॉनेटवर ठेवली आणि आत चढले. तरुणपणी त्यांनी ट्रक चालवलाय, हेवी लायसन अजून जपून ठेवलंय. चावी फिरवली. पहिल्या फटक्यात चालू! उतरले आणि हरेश्वरला म्हणाले, "बस." हरेश्वर बसला. आचका, बंद. परत शेठ, परत चालू. यार्डातली झाडून सगळी माणसं बघत होती. शेठनी इतके दिवस या गोष्टी नाईकसाहेबांकडून ऐकल्या होत्या, बघितलं पहिल्यांदाच. त्यांचा चेहरा उतरला.

"बावतीस, हिचा ठोकळा काढ. आज फेरी मी मारतो. हरेश्वर, ऑफिसात खाट आहे, जाऊन पड."

मी म्हातारीचा ठोकळा काढला आणि मुलांची मदतनीस ताई होती तिच्या शेजारी जाऊन बसलो. भुईगावच्या स्टॉपवर रिया चढली. ड्रायव्हरच्या सीटवर शेठना बघून तिने मला विचारलं, "पप्पा, हरेश्वरकाका कुठे?"

"झोपलाय."

"मग आज गाणी म्हणायची नाहीत?"

शेठनी आरशातून मागे बघितलं. "का गं? गाण्यांचं काय?"

"दिवाळीच्या आधी काकांचे डोळे मिटायला लागले की ताई आम्हाला सांगायची, मोठ्याने म्हणा. मग काका उठायचे. आता आम्ही रोजच म्हणतो."

ताई खाली मान घालून बसली. मी रियाकडे बघत होतो. तिचा बसलेला घसा, माझे ते कॉयरचे विनोद... माझी मुलगी रोज गाडीभर मुलांचा जीव आपल्या गळ्यावर सांभाळत होती आणि मी घरी बसून कौतुक करत होतो.

बावखलाच्या वळणावर शेठनी गाडी पूर्ण थांबवली. खिडकीतून खाली पाण्याकडे बघितलं. घाम पुसला. मग अगदी सावकाश, पायी चालल्यासारखं ते वळण घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. रात्री गाडी मारलेला माणूस सकाळी मुलांची गाडी मारणार नाही. ड्रायव्हर कमी असेल तर ऑर्डर घ्यायची नाही, मग ती कुणाचीही असो. नाईकसाहेब धंद्याचं काहीतरी बोलायला लागले तर शेठ म्हणाले, "माझ्या गाडीत मुलं गाणी म्हणतील तर आनंदाने म्हणतील." हरेश्वरला काढलं नाही. नवे ड्रायव्हर आले, एक खोली रिकामी करून तिथे खाटा आणि पंखे आले. हे सगळं एका झटक्यात झालं असं नाही. हंगामात कुरकुर होतेच, आणि शेठही माणूस आहेत, नोटांकडे बघून त्यांचंही मन हलतं. मग मी ठोकळ्यापाशी उभा राहतो.

तेव्हापासून म्हातारी कुणालाही नाही म्हणाली नाही. म्हणायची वेळच आली नाही.

आता शेवटचं. याच्यामुळेच मी हे लिहायला बसलो.

यंदा तिचं वय भरलं आणि ती भंगारात काढायची ठरली. घ्यायला परगावचा ड्रायव्हर आला. आमच्यापैकी कुणाला त्याचं नाव माहीत नाही, त्याला आमच्या गोष्टीतलं अक्षर माहीत नाही. मी मुद्दाम सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. म्हटलं, आज सोक्षमोक्ष होऊ दे. सकाळी मी तिला चालू केली, छान चालू झाली. तो चढला, बसला... आचका. बंद.

"उस्ताद, ये तो मर गई," तो म्हणाला.

"मरी नहीं है. आप सोए कब?"

तो हसला. "सोना कहाँ? रातभर दूसरी गाडी चलाई, फिर मालिक का फोन आया, सीधा इधर."

शेठ ऑफिसच्या दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "हरेश्वर, याला जेवायला घाल. आणि खाट दाखव."

तो माणूस माशाची आमटी-भात खाऊन झोपला तो उन्हं कलेपर्यंत. त्याच्या मालकाचे फोन येत होते, ते शेठनी स्वतः घेतले आणि सांगितलं, "तुमचा माणूस झोपलाय, उठला की येईल." उठून त्याने तोंड धुतलं, चहा घेतला. हरेश्वरने म्हातारीच्या काचेला हार घातला आणि बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. ड्रायव्हर चढला, चावी फिरवली.

पहिल्या फटक्यात.

भंगारात जातानासुद्धा तिने झोपलेलाच माणूस निवडला. मी ठोकळा काढला तेव्हा मला समोरचं नीट दिसत नव्हतं. ती फाटकातून बाहेर पडली आणि नारळाच्या वाडीच्या कडेने दिसेनाशी झाली.

कारण मला आजही सापडलेलं नाही. तिची एकेक वायर मी हाताने तपासली होती, त्यात असं काहीही नव्हतं. आता यार्डात ज्या गाड्या आहेत त्यांना काही कळत नाही. त्या कुणालाही चालू होतात. म्हणून रोज सकाळी ठोकळ्याला हात घालायच्या आधी मी ड्रायव्हरला विचारतो, "झोपलास का?" तो काय उत्तर देतो ते मी ऐकत नाही. त्याचे डोळे बघतो, आणि मगच ठोकळा काढतो.